लक्ष्मीबाईंचे घर

मुले वाढविणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, आल्यागेल्याला जेवू घालणे, तुटपुंज्या मिळकतीत महिना निभावून नेणे, ही कामे जगाच्या प्रारंभापासून चालत आली आहेत; परंतु त्यांची नोंद फारशी कोठे सापडत नाही. आपल्या जनगणनेतदेखील जी स्त्री केवळ घरकाम करते ती काम न करणाऱ्यांच्या वर्गात जमा होते. यात नोंद करणाऱ्याचा दोष नाही. जे काम रोजच्या रोज होते आणि रोजच्या रोज संपून जाते, ते कागदावर उतरणार तरी कसे? अशी कष्टाळू माय घरोघर होऊन गेली. तिच्यामागे उरतात त्या लेकरांच्या आठवणी. नातवाला आजीच्या हातची चव आठवते. पणतवाला पुष्कळदा तिचे नावही ठाऊक नसते.

मराठी भाषेचे भाग्य असे की, एका आईने आणि आजीने आपल्या संसाराची हकिकत आपल्याच शब्दांत लिहून ठेविली. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक आणि त्या हकिकतीचे नाव 'स्मृतिचित्रे'. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. लक्ष्मीबाईंचा विचार बहुधा लेखिका म्हणून केला जातो आणि तो योग्यच आहे. तथापि लेखणी ही त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आली. त्यापूर्वीची पन्नासएक वर्षे त्या एकच काम करीत होत्या. ते काम म्हणजे घर सांभाळण्याचे. त्यांचे घर पुनःपुन्हा मोडले आणि त्यांनी ते पुनःपुन्हा उभे केले. आणि दर खेपेला ते आधीच्यापेक्षा मोठे झाले. त्यांच्या आयुष्याचा विचार या बाजूने करून पाहण्यासारखा आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावात फाशी झाली होती. या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण परिणाम झाला की, त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, हा त्यांचा दंडक होता. धान्यच काय, मीठदेखील यातून सुटत नसे. अशा घरातील बायकामुलांना किती सोसावे लागत असेल याची कल्पना सहज येईल. ज्या घरात माणसाच्या स्पर्शाचेच भय वाटते, तेथे ही मुलगी लहानाची मोठी झाली. पुढे ज्या बाईच्या घरी कोणत्याही जातीचे अनाथ मूल निःशंकपणे मांडीवर येऊन बसत असे, तिचा प्रवास येथून सुरू झाला, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवरदेव अठरा वर्षांचे होते. बुद्धी तेजस्वी, कवित्वशक्ती उपजत, अंतःकरण लोण्यासारखे. परंतु एका जागी स्वस्थ बसणे मात्र त्यांच्या प्रकृतीतच नव्हते. नाशिक, वणी, नागपूर, राजनांदगाव अशी त्यांची भ्रमंती चालू असे. आज नोकरी आहे तर उद्या नाही. हाती पैसा आला तर तो घरी पोहोचेलच असा भरवसा नाही, कारण वाटेत कोणी गरजू भेटला की टिळक खिसा मोकळा करीत. असे पुरुष समाजाला हवेहवेसे वाटतात आणि वाटावेत. मात्र त्यांच्या औदार्याचा हिशेब घरात कोणीतरी चुकता करीत असते. येथे तो लक्ष्मीबाई करीत होत्या. उसनवार आणणे, आहे त्यात भागविणे, नवरा न सांगता निघून गेला तर माहेरच्यांच्या वा बहिणीच्या आधाराने दिवस काढणे, पुन्हा बोलावणे आले की भांडीकुंडी बांधून निघणे, हा त्यांचा क्रम होता. कठोर स्वभावाच्या सासऱ्यांचा जाच होता तो वेगळाच. त्यातच पोटची लहान मुले हाती लागली नाहीत. १८९१ साली झालेला मुलगा देवदत्त, म्हणजे त्यांचा दत्तू, तेवढा जगला.

या सगळ्या काळात लक्ष्मीबाई मुकाट्याने सोसत होत्या असा कोणाचा समज होईल, तर तो खरा नव्हे. त्या भांडत, रुसत, टिळकांना तोंडावर बोलून दाखवीत. टिळकही तितकेच तापट. दोघांची भांडणे होत आणि ती मिटतही. निष्ठा म्हणजे मान खाली घालून ऐकणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. लक्ष्मीबाईंची निष्ठा त्या जातीची नव्हती. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे वाटते त्याच्याशीच माणूस भांडते, हे त्यांच्या संसाराकडे पाहिले म्हणजे पटते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांची गाठ पडली आणि त्याने त्यांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाने टिळकांच्या मनात जे मंथन सुरू झाले त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाली. त्या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज एवढ्या अंतरावरून या घटनेकडे आपण शांतपणे पाहू शकतो. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात मात्र नवऱ्याने धर्म सोडणे म्हणजे बायकोला जिवंतपणी वैधव्य येण्यासारखे होते. नवरा हयात आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. लक्ष्मीबाईंचे वय त्या वेळी सत्तावीस वर्षांचेही पुरे नव्हते आणि पदरी चार वर्षांचा मुलगा होता. दुःखाने त्या अक्षरशः भ्रमिष्टासारख्या झाल्या. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले हे खरे. परंतु दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईला आपले दुःखही बेताबेतानेच करावे लागते. जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांचे ते दिवस गेले. त्या मुलाकडे पाहून जगल्या, असे आपण सहज म्हणून जातो. खरे पाहता मुलाला न्हाऊमाखू घालावे लागते, दुखलेखुपलेले पाहावे लागते, रात्री उठावे लागते. आणि या कामांनीच अशा वेळी माणूस उभे राहते. शोक करावयास फुरसत न मिळणे, हाही आईपणाचा एक आधार आहे.

काही वर्षांनी त्यांनी नवऱ्याकडे जावयाचे ठरविले. हा निर्णय सोपा नव्हता. धर्म आपला आपल्यापाशी, पण संसार मोडू द्यावयाचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. टिळक त्या वेळी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनच्या कामात होते. लक्ष्मीबाई तेथे गेल्या. मात्र स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवराबायकोच्या मधोमध एक चूल उभी राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यांच्या चरित्रातील फार मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विचार स्वतःच्या पायांनी पुढे गेला. जातिभेद देवाने केला असता तर त्याची काही खूण माणसाच्या देहावर दिसावयास हवी होती. ती दिसत नाही, तेव्हा हा भेद माणसाचाच असला पाहिजे, अशा अर्थाचा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्यांना कोणी पढविलेला नव्हता. एकदा निष्कर्ष निघाल्यावर तो आचरणात आणण्यास त्यांनी विलंबही केला नाही. कोणाच्याही हातचे खावयास त्यांनी सुरुवात केली आणि मग १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. मीठ धुणाऱ्या घरची ही लेक. तिने हा पल्ला कोणतेही तत्त्वज्ञान न वाचता, स्वयंपाक करता करता आणि मूल वाढविता वाढविता गाठला.

येथून पुढे त्यांच्या घराला दार म्हणून राहिलेच नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ 'छपन्नाचा दुष्काळ' म्हणून प्रसिद्ध आहे. विक्रम संवताचे ते १९५६ वे वर्ष होते. राजपुतान्यापासून दख्खनपर्यंत माणसे अन्नावाचून देशोधडीला लागली आणि हजारो मुले पोरकी झाली. नगर जिल्ह्यातील राहुरीस व अन्यत्र अशा पोरक्या मुलांचा सांभाळ टिळक दांपत्याने केला. त्याच काळात प्लेगाच्या साथी वरचेवर येत. ज्या घरात प्लेग शिरला तेथे सख्खे नातेवाईकही पाऊल टाकावयास भीत असत. अशा दिवसांत आजारी मुलांची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी केली. टिळक मुलांना घरी आणीत; त्यांना न्हाऊ घालणे, त्यांच्या डोक्यातील उवा काढणे, त्यांना जेवणाची वेळ आणि शिस्त लावणे, हे काम लक्ष्मीबाईंकडे येई. आणताना विचारलेले असेच असे नाही. त्या त्रासत, बोलत, आणि मग पदर खोचून कामाला लागत. एका मुलीला तर त्यांनी लेक म्हणूनच वाढविले.

या घरच्या लेकरांपैकी एकाचे नाव मराठी कवितेत अजरामर झाले आहे. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना थक्क केले आणि तेथेच तो 'बालकवी' झाला. टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. महाराष्ट्राला बालकवी दिसले ते निर्झराचे आणि फुलराणीचे कवी म्हणून. लक्ष्मीबाईंना दिसला तो हळव्या मनाचा, हट्टी, क्षणात हसणारा आणि क्षणात रुसून बसणारा ठोंबरे. त्याचे रुसवे त्यांनी काढले, त्याला जेवावयास बसविले, त्याच्या हट्टापुढे कधी नमते घेतले तर कधी त्याला दटावले. मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. 'स्मृतिचित्रां'तील ठोंबऱ्यांवरचा भाग वाचताना जाणवते की, येथे कवीचे मूल्यमापन नाही. हातावेगळ्या झालेल्या लेकराची आई बोलते आहे. बालकवींविषयी पुष्कळांनी लिहिले. पण तो मुलगा घरात कसा वावरत असे, हे पाहावयाचे तर आजही लक्ष्मीबाईंकडेच यावे लागते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' नावाचा आपला नवा प्रयोग आरंभिला. पगार गेला, घर पुन्हा हलले. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई त्या वेळी एक्कावन्न वर्षांच्या होत आल्या होत्या. या वयात आपल्याकडची बाई मुलाच्या घरी कोपरा धरून बसते, आणि तसे बसली तर तिला कोणी नावे ठेवीत नाही. लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम पत्करले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वाचणे-लिहिणे टिळकांनी घरीच, जमेल तेव्हा आणि रागावत रागावत, शिकविले होते. ज्ञानाची ही शिदोरी लहान असली तरी परक्या मुलींना आपल्या मुलींसारखे कसे वागवावे, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पुढे त्या मुलाबरोबर कराचीस राहिल्या. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि तेथे मराठी माणसांची बरीच वस्ती होती. तेथे मुलगा, सून, नातवंडे असा भरला संसार त्यांना पाहावयास मिळाला. ज्या बाईचा अर्धा जन्म 'उद्या कोठे राहावयाचे' या विवंचनेत गेला, तिला नातवंडांच्या घोळक्यात बसण्याचे सुख लाभले, ही मनाला निवविणारी गोष्ट आहे. पण स्वस्थ बसणे त्यांनाही ठाऊक नव्हते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यात आपले ६४ अध्याय घातले. नवऱ्याचे अर्धवट राहिलेले काम पुरे करावयाचे, ही त्यांची जुनीच सवय. पूर्वी ते पैशाचे असे, आता ते ओव्यांचे होते.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. त्यांचा उगमही घरगुतीच आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईजवळ तिच्या आठवणी मागितल्या. आईने वडिलांच्या आठवणी सांगावयास सुरुवात केली आणि सांगता सांगता तिचे स्वतःचे आयुष्य कागदावर उतरले. १९३४ पासून १९३६ पर्यंत या आठवणी चार भागांत प्रसिद्ध झाल्या. चौथा भाग वाचकांच्या हाती आला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनी या जगाचा निरोप घेतला होता. मराठीत रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. या दोहोंच्या मध्ये उभे असलेले हे पुस्तक आपल्या भाषेच्या उत्तम गद्यात गणले जाते.

त्याच्या गोडीचे रहस्य कोणते? रात्रीची जेवणे झाल्यावर नातवंडे भोवती बसावीत आणि आजीने गोष्ट सांगावी, तशी ही भाषा आहे. वाक्ये आखूड, अलंकार बेताचा, स्वतःची फजिती सांगताना हसू अधिक. ज्या प्रसंगी दुसरा लेखक वाचकाला रडविल्यावाचून सोडता ना, तेथे लक्ष्मीबाई एखादी घरगुती गंमत सांगून पुढे जातात. टिळकांचे दोष त्यांनी झाकले नाहीत. त्यांचा तापटपणा, लहर, न सांगता निघून जाणे, सर्व काही तेथे आहे. आणि ते वाचूनही टिळकांविषयीचा आपला आदर तसूभर कमी होत नाही. ज्याने आपल्याला इतके सोसावयास लावले त्याचे चित्र इतक्या खरेपणाने आणि इतक्या मायेने काढणे, याला केवळ लेखनकौशल्य पुरत नाही. मुलाच्या खोड्या ज्या मनाने आई चारचौघांत सांगते, तेच मन येथे नवऱ्याविषयी बोलते आहे.

यात एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मुलाने विचारले म्हणून हे पुस्तक झाले. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही असेच घडले. शेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने ओठांवर खेळविलेली गाणी तिच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने जगापुढे आली, ती तिचे चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे. दोन्ही ठिकाणी आईने आपण होऊन काही मागितले नाही. मुलाच्या ध्यानात आले की, ही बोलते ते जपून ठेवावयास हवे. लक्ष्मीबाईंच्या घरात हे जपणे आणखी एका पिढीपर्यंत गेले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रां'ची नवी संपादित आवृत्ती १९८९ साली सिद्ध केली. आजी गोष्ट सांगताना सनावळीच्या मागे लागत नाही. ते काम नातवाने केले. इंग्रजीत हे पुस्तक १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी नेले. १९८२ साली विजया मेहता यांनी त्यावर केलेला चित्रपट दूरदर्शनवरून घरोघर पाहिला गेला.

प्रत्येक आई लक्ष्मीबाईंसारखे लिहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. परंतु प्रत्येक घरात सांगण्यासारखे काही असलेली एक म्हातारी असते. आणि नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, कोलकाता, बंगलोर अशा दूर दूर नगरांत विखुरलेल्या मराठी कुटुंबांना तर तिच्याखेरीज मागच्या गावाचा, मागच्या बोलीचा दुवा सांगणारे दुसरे कोणी नसते. ती कोणत्या सालच्या दुष्काळात कोठे होती, किती मुले झाली आणि किती राहिली, पहिला स्वयंपाक कोणत्या चुलीवर केला, कोणासाठी अर्धपोटी निजली, हे तिला विचारावयास हवे. विचारले नाही तर ती सांगणार नाही; आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही आहे, असे तिला वाटतच नाही. देवदत्त टिळकांनी एक साधा प्रश्न विचारला आणि तो वेळेवर विचारला. आईच्या कष्टांची फेड होत नाही असे आपण म्हणतो, ते खरेच आहे. पण त्यांची नोंद ठेवता येते. आणि तेवढे तरी लेकरांच्या आणि नातवंडांच्या हाती आहे.